पेप्टाइडची व्हायल उघडण्याआधी वही उघडा

प्रोजेक्टला नवीन आलेल्या मुलांच्या हातात मी व्हायल, म्हणजे पेप्टाइडची छोटी कुपी, लगेच देत नाही. आधी वहीत पेप्टाइडचा सीक्वेन्स, म्हणजे त्या छोट्या साखळीतल्या अमिनो आम्लांचा क्रम, लिहायला लावते. मुलं कुरकुरतात, पण पेप्टाइड कशात विरघळेल, कशाने खराब होईल, मोजायचं कसं, यातलं बरंचसं त्या एका ओळीतून कळतं.

एलएल-३७ घेऊ. आपल्याच न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) पेशींतून येणारं, जंतूंशी लढणारं, ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. मोजा: लायसिन ६, आर्जिनिन ५, अ‍ॅस्पार्टिक आम्ल २, ग्लुटामिक आम्ल ३. दोन्ही टोकांचे भार एकमेकांना खातात. पहिली दोन धन भाराची, पुढची दोन ऋण भाराची: ११ वजा ५, म्हणजे अधिक ६. एवढा धन भार असल्यावर पाण्यात विरघळायला अडचण नाही. धन भाराचं पेप्टाइड पाण्यात हटून बसलंच तर थोडं पातळ अ‍ॅसिटिक आम्ल. ऋण भाराचं असेल तर अमोनियम बायकार्बोनेट. भारच नाही आणि पाण्याला टाळणाऱ्या ल्युसिन, फेनिलअ‍ॅलॅनिनची रांग लागलीय, तर आधी अगदी थोड्या डीएमएसओत (हा एक सेंद्रिय द्रावक) विरघळवा आणि ते हलवत्या बफरमध्ये थेंबाथेंबाने सोडा. उलटं केलंत तर गुठळ्या होतात. सिस्टिन किंवा मेथिओनिन दिसलं तर डीएमएसओ नको, ऑक्सिडेशन होतं, डीएमएफ हा दुसरा द्रावक घ्या.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. व्हायलवर ‘१ मिलिग्रॅम’ लिहिलंय म्हणून आत १ मिलिग्रॅम पेप्टाइड आहे असं धरू नका. शुद्धीकरणात बहुतेक वेळा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए, वापरलेलं असतं आणि ते पेप्टाइडच्या धन भारांना धरून पावडरीत येतं. एलएल-३७ मध्ये लायसिन-आर्जिनिनच्या ११ साइड चेन (बाजूच्या शाखा) आणि एक अमिनो टोक, मिळून १२ जागा. टीएफएचा रेणुभार ११४, म्हणजे सगळ्या जागा भरल्या तर १३६८. पेप्टाइडचा स्वतःचा ४४९३. म्हणजे पावडरीच्या वजनात पेप्टाइड जेमतेम ७७ टक्के, आणि वर ओलावा आहेच. सर्टिफिकेटवर ‘नेट पेप्टाइड कंटेंट’ म्हणून येतो तो हाच आकडा. शेजारी एचपीएलसीची (घटक वेगळे करून मोजायची पद्धत) ९५ टक्के शुद्धता छापलेली असते, तिचा याच्याशी संबंध नाही. ती फक्त पेप्टाइडांपैकी आपलं किती ते सांगते.

समजा कंटेंट ७५ टक्के आहे. ०.७५ मिलिग्रॅम भागिले ४४९३, म्हणजे १६७ नॅनोमोल. १०० मायक्रोमोलार स्टॉकला, म्हणजे साठ्याच्या मूळ द्रावणाला, १.६७ मिली पाणी. लेबलवर विसंबून २.२३ मिली घातलंत की स्टॉक पाऊणपट झाला, आणि पुढचे सगळे आलेख त्या चुकीच्या आकड्यावर. पेशींवर प्रयोग असेल तर ऑर्डर देतानाच अ‍ॅसिटेट किंवा क्लोराइड सॉल्ट मागा. टीएफए पेशींना मानवतंच असं नाही.

मग फ्रीझर. उणे २० अंशांतून काढलेली व्हायल बंदच ठेवून सिलिका जेलच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जुलैत पुण्याच्या हवेत गार व्हायल उघडली की आत दव धरतं आणि पावडर ते पिऊन टाकते. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक छोटा स्पिन द्या. कापसासारखी हलकी पावडर बऱ्याचदा झाकणालाच चिकटलेली असते. आणि एक मिलिग्रॅम पुन्हा तराजूवर घ्यायच्या फंदात पडू नका, स्थिर विजेने निम्मी स्पॅच्युलावरच राहील. पाणी थेट व्हायलमध्येच घाला.

तयार स्टॉकची तीव्रता २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायला धावू नका. एलएल-३७ मध्ये ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिनही नाही, तिथे काहीच दिसणार नाही. छोट्या पेप्टाइडांना ब्रॅडफर्ड ही प्रथिनं मोजायची रंगाची चाचणीही चालत नाही. २०५ नॅनोमीटरला पेप्टाइड बंध स्वतःच प्रकाश शोषतो, तिथे मोजा; फक्त ब्लँक (पेप्टाइड नसलेला नमुना) त्याच द्रावणाचा घ्या, आणि डीएमएसओ असेल तर हा मार्गही बंद. पेपरात छापायचा आकडा असेल तर अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या. महाग आहे, पण वाद मिटतो.

धन भाराची पेप्टाइडं भांड्यांना चिकटतात, काचेला आणि पॉलिस्टायरिनलाही. स्टॉक कमी बांधणाऱ्या पॉलिप्रोपिलीनच्या ट्यूबमध्ये ठेवा. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी किमान तीव्रता, काढायची असेल तर ९६ विहिरींची प्लेटही पॉलिप्रोपिलीनचीच हवी; नेहमीच्या प्लेटमध्ये पेप्टाइड भिंतीला जातं आणि जंतू फारच चिवट आहेत असं वाटायला लागतं.

हल्ली कुणी ना कुणी जिमवाला मित्राचं नाव काढून विचारतो, ‘ताई, ते इंजेक्शनचं पेप्टाइड मिळेल का?’ नाही. संशोधनासाठीच्या व्हायलची निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), काहीच माणसाच्या हिशेबाने तपासलेलं नसतं.

उरलेल्या स्टॉकचे एका प्रयोगापुरते छोटे भाग करा, परत परत वितळवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळा. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो. ट्यूबवर नाव, तीव्रता, द्रावक, तारीख, आणि आकडा कंटेंट धरून काढलाय की नाही तेही लिहा. टोपणावर नको, बाजूला लिहा. टोपणांची अदलाबदल होते.