सीर दर्यावर लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक नावातच होते, आणि ती मराठी माणसाकडूनच जास्त होते. आपल्याकडे दर्या म्हणजे समुद्र. दर्यावर्दी, दर्यासारंग हे शब्द कानात बसलेले. त्यामुळे ‘सीर दर्या’ वाचलं की मध्य आशियातला एखादा समुद्रच डोळ्यांपुढे येतो. तिकडच्या भाषांत मात्र दर्या म्हणजे मोठी नदी. म्हणून ‘सीर दर्या नदी’ लिहिणं म्हणजे ‘नदी नदी’ लिहिणं. मी नुसतं ‘सीर दर्या’ लिहितो आणि क्रियापद स्त्रीलिंगी ठेवतो. गंमत अशी, की ती ज्याला जाऊन मिळते तो अरल ‘समुद्र’ मुळात सरोवर आहे.

उगम सांगताना ‘तिआन शान पर्वतात उगम पावते’ असं एका ओळीत उरकू नका. तिआन शानच्या हिमनद्यांतून निघते ती नारीन. ती किर्गिझस्तानातून येते आणि उझबेकिस्तानात, फरगाना खोऱ्यात, नमनगानजवळ कारा दर्याला मिळते. सीर दर्या हे नाव तिथून पुढे सुरू होतं. लांबीचा घोळही इथलाच. कुणी २,२१२ किलोमीटर लिहितं, कुणी ३,०१९. पहिला आकडा संगमापासूनचा, दुसरा नारीन धरून. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कुठून मोजलं ते सोबत लिहा. आणि लांब आहे म्हणून पाणीही जास्त, असं गृहीत धरू नका. दक्षिणेची अमू दर्या साधारण दुप्पट पाणी आणते.

देशांची यादी देताना क्रम तपासा. संगमानंतर उझबेकिस्तान, मग खुजंद शहरापाशी ताजिकिस्तान, पुन्हा उझबेकिस्तान आणि शेवटी कझाकस्तान. उझबेकिस्तानातल्या बेकाबाद शहरानंतर नदी उत्तरेकडे वळते. हे वळण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुन्या नावांत सैहून आणि जैहून ही जोडी भल्याभल्यांना फसवते. सैहून म्हणजे सीर, ‘स’वरून ‘स’ आठवा. जैहून म्हणजे अमू. ग्रीकांची याक्सार्टीस म्हणजेही सीर. इ.स.पू. ३२९ मध्ये अलेक्झांडर हिच्या काठी पोचला, तेव्हा त्याच्या बरोबरची काही मंडळी हिला तानाइस, म्हणजे आजची रशियातली डॉन, समजत होती. बाबर तर याच खोऱ्यातला, १४८३ मध्ये अंदिजानला जन्मलेला. पण आत्मचरित्रात तो सांगतो, की सैहून कुठल्याही समुद्राला मिळत नाही, वाळूत जिरते. आजच्या नकाशाशी हे जुळत नाही. उद्धृत करायचंच तर बाबराचं म्हणणं म्हणून करा, भूगोल म्हणून नको.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, ऋतूची. आपल्या नद्या जूनमध्ये फुगतात, दिवाळीपर्यंत ओसरतात, आणि पूर म्हटलं की आधी पाऊस आठवतो. ही सवय बाजूला ठेवा. सीर दर्याला पोसतं ते डोंगरावरचं हिम. ते वितळू लागलं की वसंतात पाणी चढायचं, उन्हाळाभर राहायचं, हिवाळ्यात नदी बारीक व्हायची. निसर्गाचं चक्र हे असं होतं. आज खालच्या भागात ते पुष्कळसं उलटलेलं दिसतं.

कारण नारीनवरचं तोक्तोगुल धरण. २१५ मीटर उंच, साठा १९.५ घन किलोमीटर. (आपल्या हिशेबात सांगायचं तर १ घन किलोमीटर म्हणजे सुमारे ३५.३ टीएमसी. तोक्तोगुल जवळपास ६९० टीएमसीचं, म्हणजे कोयनेच्या सहापटींहून मोठं. घन किलोमीटरचा आकडा तसाच टीएमसी म्हणून उतरवलेल्या नोट्स मी पाहिल्या आहेत.) सोव्हिएत काळात व्यवहार सरळ होता. किर्गिझांनी उन्हाळ्यात पाणी सोडायचं, खालच्यांनी त्यावर कापूस पिकवायचा आणि हिवाळ्यात कोळसा, गॅस वर पाठवायचा. १९९१ मध्ये संघ फुटला, इंधनाचे पैसे मोजावे लागू लागले. घरं गरम ठेवायची तर किर्गिझस्तानला हिवाळ्यातच टर्बाइन फिरवणं भाग पडलं. त्यामुळे पाणी जानेवारीत जास्त, जुलैत कमी.

इथे ते उत्तरेचं वळण आठवा. नदी जितकी पुढे जाते तितकी थंडी वाढत जाते. कझाकस्तानातल्या खालच्या टप्प्यात पात्र गोठतं. वरून सोडलेलं पाणी बर्फाच्या झाकणाखाली मावत नाही आणि ऐन थंडीत पूर येतो. कझाकस्तानात याच नदीवर असलेला शारदारा जलाशय भरला की जादा पाणी उझबेकिस्तानातल्या अर्नासाय खोलगटात सोडायचे. १९६९ च्या महापुरात तिथे इतकं पाणी गेलं, की वाळवंटात आयदर हे भलंमोठं सरोवर तयार झालं. पुढे हिवाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत अडवून धरायला कझाकस्तानने कोकसराय जलाशय बांधला.

म्हणून ‘वरच्यांनी पाणी अडवलं’ असा मथळा देण्याआधी थांबा. बऱ्याचदा तक्रार नको त्या महिन्यात सोडल्याची असते. प्रवाहाचा कुठलाही आकडा हाती आला तर तीन गोष्टी पाहा: महिना कोणता, १९९१ च्या आधीचा की नंतरचा, आणि मोजलाय शारदाराच्या वर की खाली. दोन आकडे जुळत नसतील तर नव्वद टक्के वेळा उत्तर इथेच मिळतं, निदान माझ्या अनुभवात.

राहिला अरल. ‘अरल संपला’ हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण अर्धवट आहे. १९६० मध्ये तो सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होता. दोन्ही नद्यांचं पाणी प्रामुख्याने कापसाच्या शेतीकडे वळलं आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेचा तुकडा अमूच्या भरवशावरचा, त्याचे हाल झाले. उत्तरेचा सीरच्या वाट्याचा. तिथलं पाणी दक्षिणेकडे निसटू नये म्हणून स्थानिकांनी घातलेला वाळूचा बांध १९९९ मध्ये वाहून गेला, पण २००५ मध्ये कोक-अरालचं पक्कं धरण उभं राहिलं, पाणी चढलं, खारटपणा उतरला आणि गोड्या पाण्याचे मासे परतले. दोन्ही तुकड्यांना एकच वाक्य लावू नका.

नकाशा काढायला जुना ॲटलास घेतलात तर त्यात अरल एकसंध आणि फुगीर दिसेल. तो तसाच गिरवू नका. अलीकडची उपग्रह प्रतिमा समोर ठेवा, आधी कोक-अराल धरणाची रेघ शोधा आणि सीर दर्याचं मुख तिच्या उत्तरेला उघडतंय ना ते पाहा.