लग्नाचे बजेट कुठे फुटते: कार्यापूर्वी टाळायच्या चुका

लग्न ठरले की बहुतेक घरांत पहिली चर्चा तारखेची होते. गुरुजी दोन-तीन मुहूर्त काढून देतात, त्यांपैकी जो शनिवार-रविवारी येतो तो धरला जातो, त्या दिवशी मोकळे असेल ते कार्यालय घेतले जाते आणि ते पाचशे माणसांचे असल्यामुळे पत्रिकाही पाचशे छापल्या जातात. माणसे किती बोलवायची, हा खरे तर पहिला प्रश्न. तो या क्रमात शेवटी येतो आणि तोवर त्याचे उत्तर कार्यालयाने देऊन टाकलेले असते. हात राखून खर्च करायचा असेल, तर आधी माणसे, मग दोन्ही घरांतली खर्चाची वाटणी, मग कार्यालय आणि शेवटी त्या कार्यालयाशी जुळणारा मुहूर्त, असा क्रम ठेवावा. पत्रिकेत, फुलांत आणि फेट्यांत घासाघीस करून थोडेफार वाचते, हे खरे. पण हिशेबाचे पारडे खाली-वर होते ते जेवणाऱ्या पानांच्या संख्येमुळे.

यादीत नावे आहेत, माणसे नाहीत

आमंत्रितांची यादी करताना ‘नाशिकच्या आत्या’, ‘काकांकडचे सगळे’, ‘ऑफिसातले’ अशा नोंदी केल्या जातात आणि त्या मोजून दीडशे आमंत्रणे झाली असे समाधान मानले जाते. ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेल्या दीडशे पत्रिकांमागे चारशे माणसे येऊ शकतात, हे तेव्हा कोणी बोलून दाखवत नाही. यादीसाठी साधी वही पुरते, मात्र तिच्यात नावापुढे चार रकाने असावेत: किती जण, हळदीपासून की फक्त लग्नाला, मुक्काम आहे की नाही आणि कोणत्या पक्षाकडून. दुसरा आणि तिसरा रकाना भरताना वेळ जातो, पण नाश्ता, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांची पाने वेगवेगळी काढायची ती त्यांवरूनच. समजा, ताटाचा दर ३५० रुपये आहे आणि ३०० माणसे धरलेली असताना ३८० जेवली, तर एकाच जेवणात २८,००० रुपये वाढले. हळदीच्या रात्रीही तसेच घडले, तर हा आकडा दुप्पट झाला.

पाहुण्यांखेरीज जेवणारी माणसे तर यादीत कधीच नसतात. वाजंत्री, फोटोवाले आणि त्यांचे मदतनीस, मंडपवाल्याची मुले, गाड्यांचे चालक, मेंदी काढणारी, नवरीला सजवणारी, कार्यालयाचे रखवालदार या सगळ्यांना जेवू घालायचेच असते आणि घालावेच. पण ही पंचवीस-तीस पाने आधी धरलेली असली म्हणजे शेवटच्या पंगतीला धावपळ होत नाही. पत्रिका व्हॉट्सॲपच्या समूहांवर टाकण्याचा मोहही टाळावा. सोसायटीच्या समूहावर टाकलेली एक पत्रिका म्हणजे सगळ्या इमारतीला आमंत्रण होते आणि ते मागे घेता येत नाही. पत्रिका ज्याला त्याला स्वतंत्र पाठवावी आणि त्याच संदेशात ‘आपण किती जण येणार ते कळवावे’ असे लिहावे. पूर्वी हे विचारणे उद्धटपणाचे वाटे, आता वाटत नाही.

मुहूर्ताबरोबर जेवणेही ठरतात

दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल, तर गावची माणसे सकाळी येतात, नाश्ता आणि एक जेवण करून संध्याकाळच्या गाडीने परततात. गोरज मुहूर्त धरला, की तीच माणसे चार वाजता पोहोचतात, त्यांना चहा-फराळ लागतो, रात्रीचे जेवण लागते, परतायला एसटी नसते म्हणून मुक्काम करावा लागतो आणि मुक्काम म्हटला, की सकाळचे चहा-पोहे आलेच. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे संध्याकाळची वरात उशिरा निघाली, तर चार तासांचे पैसे मोजलेला ताफा दोनच तास वाजवून मोकळा होतो.

पंचांग उशिरा पाहणे ही आणखी एक चूक होय. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ मास आहे आणि अधिक मासात लग्ने करण्याचा प्रघात नाही. मुलांच्या सुट्या आहेत म्हणून मे महिन्यावर विसंबलेल्या घरांना त्यामुळे अलीकडच्या किंवा पलीकडच्या तारखांच्या गर्दीत शिरावे लागते आणि गर्दीत कार्यालयवाले दर कमी करत नाहीत. याउलट आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ परंपरेने वर्ज्य मानला जात असला, तरी पंचांगांत आता या दिवसांतलेही गौणकालातील, म्हणजे दुय्यम मानलेले, मुहूर्त दिलेले असतात. या काळात कार्यालये रिकामी असतात आणि भाडे बोलून कमी करून घेता येते. ज्येष्ठांची हरकत असेल, तर घरच्या कोणी वाद घालण्यापेक्षा गुरुजींनाच आजींशी बोलायला सांगावे. त्यांच्या शब्दाला वजन असते. पावसाची तजवीज मात्र अशा लग्नात करावीच लागते, म्हणजे उघडे लॉन घेऊन भागत नाही.

भाडे एक, बिल दुसरे

कार्यालयाचे भाडे विचारून निर्णय घेणारे पुष्कळ असतात. कार्यालय सोडताना हातात पडणारे बिल कसे बनते, हे आधी विचारणारे थोडे. भाड्यावर १८ टक्के जीएसटी असतो. वीज युनिटप्रमाणे, जनरेटरचे डिझेल तासाप्रमाणे, सफाई, गॅस आणि भांडी वेगळी, अशी आकारणी अनेक ठिकाणी होते. बाहेरचा आचारी आणला तर काही कार्यालये त्याच्यावर रक्कम लावतात, काही ठिकाणी सजावट त्यांच्याच माणसाकडून करून घ्यावी लागते. यांतली कोणतीही अट गैर आहे असे नाही, पण ती इसार देण्यापूर्वी कागदावर यायला हवी. ‘चोवीस तास’ म्हणजे किती वाजल्यापासून, हेही त्या कागदावर असावे. ताबा संध्याकाळी सहाला मिळणार असेल आणि पाहुणे दुपारी दोनला उतरणार असतील, तर मधले चार तास त्यांना कुठे बसवणार?

विजेच्या बाबतीत एक छोटी गोष्ट फार उपयोगी पडते. ताबा घेताना व्यवस्थापकाला बरोबर घेऊन मीटरपाशी जावे, आकडा त्याच्यासमोर वहीत लिहावा आणि मोबाइलवर मीटरचा फोटो काढावा. निघतानाही हेच करावे. आदल्या कार्याची माणसे दुपारपर्यंत खोल्यांतले एसी चालू ठेवून गेलेली असतात आणि नोंद नसेल, तर ती युनिटे आपल्या बिलात येतात. खुर्च्या, भांडी आणि गाद्या यांचेही तसेच. मोजून घ्याव्यात आणि मोजून द्याव्यात, म्हणजे अनामत रक्कम परत घेताना हुज्जत होत नाही.

सुतकाचा विषय लग्नाच्या घरात काढू नये असे मानले जाते, म्हणून तो करारातही निघत नाही. पण घरात कोणी गेले आणि तारीख पुढे ढकलावी लागली, तर इसाराचे काय होणार, हे कार्यालय, आचारी आणि मंडपवाला या तिघांनाही आधी विचारावे. कोणी ती रक्कम वर्षभरातल्या दुसऱ्या तारखेला वळती करून देतो, कोणी बुडीत धरतो. वळती करणारा किंचित महाग असला, तरी तोच पत्करावा.

आचाऱ्याशी बोलताना

आचारी दोन प्रकारे मिळतो: पानामागे दर घेणारा, किंवा आपण शिधा भरायचा आणि त्याने मजुरीवर रांधायचे. गावाकडे दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण तेव्हाच, जेव्हा कोठीवर बसायला घरचे खमके माणूस असते. आचाऱ्याची सामानाची यादी नेहमी सढळ हाताची असते. तेल, तूप आणि काजू लागतील तसे काढून देणारे कोणी नसेल, तर वाचलेली रक्कम कोठीतच मुरते. शहरात पानाचा दर बरा. त्या दरात वाढपी, पिण्याचे पाणी, टेबलांवरची कापडे, भांडी घासणारी माणसे आणि विडा धरला आहे का, हे विचारून घ्यावे, आणि जीएसटी दरात आहे की वर, हेही.

खरी मेख ‘किमान पाने’ या अटीत असते. ३०० पानांचा शब्द दिला आणि २४० जणच जेवले, तरी पैसे ३०० चे द्यावे लागतात. म्हणून साडेतीनशेची यादी असेल, तर शब्द २८० पानांचाच द्यावा आणि वरची पन्नासेक पाने त्याच दराने वाढवून मिळतील, असे लिहून घ्यावे. आचाऱ्यांना ही रीत परिचित असते; ते बहुधा आढेवेढे घेत नाहीत.

पंगत असेल तर मोजणी सोपी असते, कारण मांडलेली पाने मोजता येतात. बुफेत मात्र हमखास वाद होतो. आणलेल्या ताटांतून उरलेली ताटे वजा करण्याची पद्धत फसवी आहे, कारण घासलेली ताटे पुन्हा थप्पीत येऊन बसतात आणि मुले आइस्क्रीमसाठी दुसरे ताट उचलतात. त्यापेक्षा ताटे पन्नास-पन्नासच्या थप्प्यांनीच बाहेर काढायला सांगावीत आणि एक थप्पी संपली, की आचाऱ्याच्या माणसाने आणि आपल्या माणसाने आपापल्या वहीत रेघ मारावी. हे काम मुलीच्या वडिलांकडे किंवा मामांकडे देऊ नये. त्यांना दर दोन मिनिटांनी कोणीतरी नमस्काराला गाठते. ज्याच्याकडे दुसरे काही काम नाही, असा एखादा शांत भाचा या जागी उत्तम.

पदार्थांची संख्या वाढवण्याकडे हल्ली फार ओढ दिसते. मसालेभात, पुरी, एक सुकी आणि एक रस्साभाजी, कोशिंबीर, जिलेबी आणि मठ्ठा एवढे नीट झाले, तर त्या लग्नाला कोणी नावे ठेवत नाही. पाणीपुरीचा आणि चायनीजचा काउंटर नव्हता म्हणून रुसलेला पाहुणा विरळा. तिसऱ्या पंगतीला जिलेबी संपली, तर मात्र ती गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते.

बैठकीतली मोघम बोलणी

‘खर्च निम्मा-निम्मा’ हे वाक्य बैठकीत सर्वांना गोड लागते, पण निम्मा कशाचा, हे तिथे बोलले जात नाही. वरपक्षाची दोनशे माणसे आणि वधूपक्षाची एकशेवीस असतील, तर जेवणाचा खर्च निम्मा करणे अन्यायाचे आहे. तो पानांच्या प्रमाणात वाटावा. कार्यालय, सजावट आणि गुरुजींची दक्षिणा निम्मी, कपडे आणि दागिने ज्याचे त्याने, असे ठरवून ते कागदावर लिहावे आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यावर सही करावी. याद लिहिण्याची आपली जुनी पद्धत त्यासाठीच उपयोगात आणावी.

मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या आणि परतीच्या भेटी यांत गेलेला पैसा कोणालाच सुख देत नाही, कारण ती साडी बहुधा पुढच्या कार्यात दुसऱ्या कोणाला दिली जाते. हा खर्च एका बाजूने बंद करता येत नाही, तो दोघांनी मिळून बंद करावा लागतो; ‘व्याहीबुवा, आपण दोन्हीकडून फक्त ओटीचे खण-नारळ ठेवू या, बाकी देणे-घेणे नको’ हे बैठकीतच स्पष्ट बोलावे. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापून स्वतः मात्र आहेर वाटत बसणे, हा दुहेरी तोटा आहे. साध्या लग्नाला मोठी परंपरा आहे, हे नाके मुरडणाऱ्यांना सांगायला हरकत नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने स्थापनेच्याच वर्षी, १८७३ मध्ये, कमी खर्चाचे पहिले लग्न लावले होते.

सोन्याचा शब्द तोळ्यांत देऊ नये. आपल्या मुलीला आपल्या खुशीने काही करायचे असेल, तरी त्याची मर्यादा मनाशी रुपयांत ठरवावी, कारण बैठक आणि खरेदी यांच्यामध्ये भाव कुठे जाईल ते सांगता येत नाही. समोरून मागणी आली, तर तो बोलणी करण्याचा विषयच नव्हे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात घेणे आणि देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. खरेदी करताना भावापेक्षा मजुरीवर लक्ष ठेवावे, जीएसटी ३ टक्के धरावा आणि दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक पाहावा, जो १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे.

आठ दिवस उरले आणि पैसे कमी पडले तर

अशा वेळी हात सर्वांत आधी जेवणावर जातो आणि तीच चूक ठरते. पाणी, जेवण, स्वच्छतागृहांची सफाई आणि वृद्धांना स्थानकापर्यंत सोडणारी गाडी यांना कात्री लावू नये. डीजे, नवरदेवाच्या गाडीची सजावट, ड्रोनने चित्रण, परतीच्या भेटी आणि दुसऱ्या दिवशीचे स्वागत समारंभ आधी रद्द करावेत. आचाऱ्याने ऐन वेळी दर वाढवून मागितला, तर दर तोच ठेवून एक पदार्थ कमी करायला सांगावे. कोणालाही पूर्ण रक्कम आगाऊ देऊन सवलत घेऊ नये. पैसे हाती पडल्यावर दुसऱ्या कार्याला निघून गेलेला मंडपवाला फोन उचलत नाही. कर्ज काढणे अटळ असेल, तर परवाना नसलेल्या सावकाराकडे जाण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी आणि घरातल्या सोन्यावरचे बँकेचे कर्ज यांची चौकशी करावी.

समारंभाऐवजी नोंदणी विवाह करायचा असे ठरले, तर तो ठरवल्या दिवशी होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोटीस दिल्यानंतर ३० दिवस थांबावे लागते, दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते आणि तीन साक्षीदार लागतात. हॉटेलातले छोटे जेवण त्यापूर्वी आरक्षित करून बसू नये. विधिपूर्वक लग्न केले असेल, तर महाराष्ट्रात ९० दिवसांच्या आत विवाहाची नोंदणी करावी. त्या अर्जावर गुरुजींची सही लागते आणि पंधरवड्याने त्यांना शोधत फिरण्यापेक्षा लग्नाच्याच दिवशी, दक्षिणा देताना, अर्ज पुढे करून सही घ्यावी. सोबत पत्रिकेची एक प्रत आणि विधींचा एक फोटो त्याच लिफाफ्यात ठेवावा.