व्हीआर गेममध्ये मॉड टाकताय? या चुका टाळा

मॉनिटरवर गेम अडखळला तर माणूस वैतागतो. हेडसेट डोक्यावर असताना तोच गेम अडखळला तर डोकं गरगरतं, पोटात ढवळतं आणि नंतर बराच वेळ स्क्रीनकडे बघवत नाही. व्हीआरमध्ये (हेडसेट घालून खेळायच्या आभासी जगात) मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी बनवलेले बदल, टाकताना जास्त काळजी घ्यायची ती यासाठी. बहुतेक बिघाड ठरावीक चुकांमधूनच होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक मॉड डाउनलोड करतानाच झालेली असते.

इथली बरीचशी उदाहरणं स्कायरिम व्हीआरची आहेत, कारण शेकडो मॉड एकत्र रचून खेळण्याची हौस तिथे खूप लोकांना आहे. बाकीच्या गेममध्ये फाइलींची नावं बदलतात, दुखणी बरीचशी तीच असतात.

व्हीआरचा गेम म्हणजे मूळ गेमच, असं धरून चालणं

स्कायरिम व्हीआर पीसीवर एप्रिल २०१८ मध्ये आला आणि १.४.१५ या आवृत्तीवर थांबला. मॉनिटरवरची स्पेशल एडिशन मात्र पुढे सरकत राहिली. आधी १.५.९७, मग नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशनच्या वेळी १.६ आणि त्यानंतरचे अपडेट. फॉलआउट ४ व्हीआरचंही तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये आलेला हा गेम १.२.७२ वर आहे आणि मूळ गेमचे डीएलसी, म्हणजे नंतर आलेले जादा भाग, त्याच्यासोबत मिळत नाहीत. त्यामुळे डीएलसीवर अवलंबून असलेला मॉड नुसता टाकला की गेम सुरूच होत नाही.

मग कुठला मॉड चालेल हे ओळखायचं कसं? मॉडची फाइल उघडून आत काय आहे ते बघा. नुसते टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं), थ्री-डी मॉडेल, आवाज किंवा साधी नवी कथा असेल, तर स्पेशल एडिशनचा मॉड व्हीआरमध्ये बहुधा चालतो. पण आत ‘एसकेएसई’ (गेमच्या क्षमता वाढवणारा स्क्रिप्ट एक्स्टेंडर) आणि त्याखाली ‘प्लगइन्स’ असं फोल्डर असेल आणि त्यात डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड असलेली, फाइल दिसली, तर थांबा. डीएलएल थेट गेमच्या मेमरीतल्या पत्त्यांवर काम करते आणि हे पत्ते प्रत्येक आवृत्तीत वेगळे असतात. मॉडच्या माहितीत व्हीआरचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय तो टाकू नका. हल्ली बरेच मॉडकर्ते एकाच डीएलएलमध्ये १.५.९७, १.६ आणि व्हीआर अशा तिन्ही आवृत्त्यांची सोय करतात. तिथेही ‘व्हीआर ॲड्रेस लायब्ररी’ वेगळी टाकावी लागते, आणि अनेक जण नेमकी तीच विसरतात.

दुसरा सापळा प्लगइन फाइलींचा, म्हणजे गेममधल्या नोंदी बदलणाऱ्या फाइलींचा आहे. स्पेशल एडिशनच्या डिसेंबर २०२३ च्या अपडेटनंतर नव्या मॉडच्या प्लगइनचा हेडर (फाइलीच्या सुरुवातीचा आवृत्तीचा आकडा) १.७१ झाला. व्हीआरचं जुनं इंजिन तो ओळखत नाही. शिवाय ईएसएल म्हणजे हलके प्लगइन मूळ व्हीआर गेमला समजतच नाहीत. ‘स्कायरिम व्हीआर ईएसएल सपोर्ट’ हा मॉड त्यासाठीच आहे आणि त्याची नवी आवृत्तीच घ्यावी. ‘अनऑफिशियल पॅच’ या गेममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या मॉडच्या बाबतीत उलटं आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या १.६ साठी बनतात, म्हणून व्हीआर खेळणारे ४.२.५बी ही जुनी आवृत्ती जपून ठेवतात. ‘सर्वांत नवं तेच घ्या’ हा नियम इथे कामाचा नाही.

स्क्रिप्ट एक्स्टेंडर भलत्याच जागी ठेवणं

एसकेएसई व्हीआर हा वेगळा डाउनलोड आहे, मॉनिटरवरच्या गेमचा एसकेएसई इथे चालत नाही. त्याचा लोडर आणि डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, म्हणजे गेमच्या एक्झी फाइलच्या शेजारी जातात. स्क्रिप्ट मात्र ‘डेटा’ फोल्डरमध्ये. सगळं एकत्र ‘डेटा’त ओतलं की काहीच चालू होत नाही, आणि एररही दिसत नाही. त्यानंतर गेम नेहमी लोडरवरून सुरू करायचा. स्टीमच्या हिरव्या बटणावरून सुरू केलात तर गेम छान चालतो, फक्त अर्धे मॉड गायब असतात.

मॉड सांभाळणारा मॉड ऑर्गनायझर २ हा मॅनेजर वापरत असाल तर लोडर त्याच्या आतूनच चालवा. हा मॅनेजर मॉडच्या फाइली खरोखर गेमच्या फोल्डरमध्ये टाकत नाही, त्याने सुरू केलेल्या प्रोग्रॅमला त्या तिथे असल्यासारख्या दिसतात. म्हणून एक्सएडिट (नोंदी बघण्या-बदलण्यासाठी), बॉडीस्लाइड (शरीराच्या आकारासाठी), नेमेसिस (ॲनिमेशनसाठी) ही साधनंही त्याच्यातूनच उघडावी लागतात. बाहेरून उघडली तर त्यांना एकही मॉड दिसत नाही. व्होर्टेक्स या दुसऱ्या मॅनेजरची पद्धत वेगळी आहे. तो हार्डलिंक करतो, म्हणजे एकाच फाइलीला दोन ठिकाणी नाव देतो, आणि हार्डलिंक एकाच ड्राइव्हच्या आत चालते. मॉडचं फोल्डर एका ड्राइव्हवर आणि गेम दुसऱ्यावर असेल तर ते जमणार नाही. मॅनेजर कुठलाही असो, गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधून बाहेर काढून वेगळ्या स्टीम लायब्ररीत ठेवा. विंडोजच्या परवानग्यांची अर्धी कटकट तिथेच मिटते.

दोन क्रम असतात हे न कळणं

मॉड एकत्र करताना दोन वेगवेगळे क्रम लागू होतात. पहिला फाइलींचा. दोन मॉडनी एकच टेक्स्चर दिलं असेल तर कोणाचं दिसणार, हे तो ठरवतो. दुसरा प्लगइनचा, म्हणजे लोड ऑर्डर. एकाच पात्राची किंवा तलवारीची नोंद दोघांनी बदलली असेल तर कोणाची नोंद टिकणार, ते तिथे ठरतं. लूट नावाचं साधन फक्त दुसरा क्रम लावतं. पहिल्याला ते हातही लावत नाही.

या दोन क्रमांत फारकत झाली की काय होतं, याचा ठळक नमुना म्हणजे काळवंडलेले चेहरे. पात्राची नोंद एका मॉडची जिंकते आणि चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची, दोन्ही जुळत नाहीत आणि मानेच्या वरचा भाग करडा किंवा काळपट दिसू लागतो. अशा वेळी टेक्स्चर पुन्हा डाउनलोड करून उपयोग नाही. ज्या मॉडचा चेहरा हवा, त्याला दोन्ही क्रमांत खाली आणा, म्हणजे शेवटचा शब्द त्याचाच राहील. एक्सएडिटमध्ये त्या पात्राची नोंद उघडली की कोणकोणत्या मॉडनी ती बदलली आहे ते ओळीने दिसतं. हे साधन पहिल्यांदा उघडल्यावर भीती वाटते, तरी ते शिकाच. मॉडची भांडणं प्रत्यक्ष डोळ्यांसमोर दाखवणारं त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

एकाच नावाच्या दोन डीएलएल

हे दुखणं व्हीआरमध्ये विशेष आढळतं, कारण वेग वाढवणारी बरीच साधनं गेमच्या फोल्डरमधली ठरावीक नावाची फाइल बदलून काम करतात. ओपनकॉम्पोझिट हे साधन स्टीमव्हीआरला (स्टीमच्या व्हीआर सॉफ्टवेअरला) वळसा घालून गेम थेट ओपनएक्सआर या दुसऱ्या मार्गाने चालवतं आणि त्यासाठी ‘ओपनव्हीआर एपीआय’ ही डीएलएल बदलतं. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारं ओपनव्हीआर एफएसआर हे साधनसुद्धा तीच फाइल बदलतं. एका फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल एकच राहणार, त्यामुळे नंतर टाकलेल्याने आधीच्याला पुसलेलं असतं आणि तुम्ही मात्र दोन्ही चालू आहेत असं समजून सेटिंग बदलत बसता. रीशेड (चित्राचे रंग-रूप बदलणारं) आणि व्हीआर परफॉर्मन्स टूलकिट (वेग वाढवणारं) या साधनांची ‘डीएक्सजीआय’ या नावावरून अशीच टक्कर होते. मूळ डीएलएलची प्रत बाजूला ठेवा आणि कुठली फाइल कुठल्या साधनाची, हे लिहून ठेवा. ओपनकॉम्पोझिट चालू असताना स्टीमव्हीआरवर उभी असलेली साधनं, उदाहरणार्थ वेग दाखवणारं एफपीएसव्हीआर, दिसणार नाहीत. तो बिघाड नव्हे.

बटणांची मारामारी

व्हीआरआयके हा मॉड तुम्हाला शरीर देतो, हिग्स हातांनी वस्तू उचलू देतो, प्लँक शत्रूच्या अंगाला खरा धक्का बसल्याची जाणीव देतो. प्लँकला हिग्स लागतोच. हे तिन्ही एकत्र उत्तम चालतात आणि माझ्या मते व्हीआरमध्ये मॉडिंग करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच तिघे आहेत. अडचण पुढे येते. मंत्रांचं चक्र, शस्त्र फेकणं, हातांच्या खुणा असे आणखी मॉड आले की प्रत्येकाला ग्रिप किंवा ट्रिगर हवा असतो. कंट्रोलरवर बटणं मोजकीच. कुठलंही साधन ही टक्कर दाखवत नाही, कारण फाइलींच्या पातळीवर भांडण नसतंच. तलवार आपोआप हातातून सुटते, मेन्यू मध्येच उघडतो, आणि वाटतं कंट्रोलर खराब झाला.

म्हणून हातांशी संबंधित मॉड एका वेळी एकच टाका. प्रत्येकानंतर हेडसेट घालून दहा-पंधरा मिनिटं खेळा. स्टीमव्हीआरमधली बटणांची मांडणी मॉडकर्त्याने सुचवलेलीच निवडा आणि मॉडच्या मेन्यूत दुहेरी बटण दिसलं तर तिथल्या तिथे बदला. उंचीचं कॅलिब्रेशन खेळताना जसे असता तसंच करा. बसून खेळायचं आणि कॅलिब्रेशन उभ्याने, असं केलं की हात खांद्यांपासून तुटल्यासारखे वाटतात.

रिझोल्यूशनचा गुणाकार आणि फुगलेले टेक्स्चर

९० हर्ट्झच्या हेडसेटमध्ये एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झला १३.९. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं चित्र तयार व्हायला हवं. ते जमलं नाही की रीप्रोजेक्शन सुरू होतं, म्हणजे मधल्या फ्रेम आधीच्याच चित्रावरून भरल्या जातात, आणि ९० चे ४५ होतात. अशा वेळी आधी रिझोल्यूशन तपासा. स्टीमव्हीआरमध्ये सगळ्या गेमसाठी १५० टक्के आणि त्याच गेमसाठी पुन्हा १५० टक्के ठेवलं, तर पिक्सेल सव्वादोन पट होतात. त्यात गेमच्या आतलं सुपरसॅम्पलिंग (चित्र मोठं बनवून लहान करणं) वेगळं. रिझोल्यूशन एकाच ठिकाणी वाढवा, बाकी सगळीकडे मूळ ठेवा.

टेक्स्चरचा हिशेब तितकाच रोखठोक आहे. बीसी७ या पद्धतीने दाबलेलं एक ४के टेक्स्चर मिपमॅपसह (त्याच्याच लहान प्रतींसह) सुमारे २१ एमबी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी, खातं, २के सव्वापाच एमबी. पेले, टोपल्या, दगड यांना ४के देण्यात काहीच हशील नाही. व्हीरॅम भरला की सरासरी वेग चांगला दिसतो, पण मान वळवली की हिसका बसतो.

अपडेट, सेव्ह आणि बंदी

बीट सेबरसारख्या गेमचे मॉड गेमच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेले असतात. गेम अपडेट झाला की ते बंद पडणारच, तेव्हा स्टीममध्ये आपोआप अपडेट थांबवून ठेवा. स्क्रिप्ट असलेला मॉड चालू सेव्हमधून काढू नका. त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि बिघाड बऱ्याच दिवसांनी वर येतो. यूईव्हीआर हे साधन वापरून अनरियल इंजिनचे साधे गेम व्हीआरमध्ये खेळत असाल, तर अँटीचीट (फसवणूक पकडणारी यंत्रणा) असलेल्या ऑनलाइन गेमवर ते अजिबात लावू नका, खात्यावर बंदी येऊ शकते. एका डोळ्यात सावल्या किंवा प्रकाश चुकत असेल, तर यूईव्हीआरमधली रेंडरिंग (चित्र तयार करण्याची) पद्धत ‘नेटिव्ह स्टिरिओ’वरून ‘सिंक्रोनाइझ्ड सीक्वेन्शियल’ करून बघा.

बिघाड शोधायचा कसा

आधी लक्षण बघा. जांभळ्या वस्तू दिसल्या तर टेक्स्चर सापडत नाही. लाल रंगाचं उद्गारचिन्ह दिसलं तर मॉडेल सापडत नाही. माणसं हात पसरून ताठ उभी असतील तर ॲनिमेशनचा मॉड टाकल्यावर नेमेसिस किंवा त्याच कामाचं एफएनआयएस चालवायचं राहिलं आहे. मेन्यू येण्याआधीच गेम बंद पडला तर मास्टर प्लगइन (ज्यावर दुसरा प्लगइन अवलंबून असतो तो) गायब आहे का आणि डीएलएल चुकीच्या आवृत्तीची आहे का, हे पाहा. ‘माय गेम्स’मधल्या स्कायरिम व्हीआरच्या फोल्डरात एसकेएसईचा लॉग असतो. कुठला प्लगइन लोड झाला आणि कुठला नाकारला गेला, ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. क्रॅश लॉगर टाकलेला असेल तर खेळताना झालेल्या क्रॅशचा तपशीलही मिळतो.

लॉगमधून काही कळलं नाही तर अर्धे मॉड बंद करा आणि नव्या सेव्हवर तपासा. जुन्या सेव्हवर तपासून काही सिद्ध होत नाही. बिघाड राहिला तर दोषी चालू असलेल्या अर्ध्यात आहे, गेला तर बंद केलेल्यात. ६४ मॉड असले तरी सहा वेळा अर्धे करत गेलं की एक मॉड उरतो. अर्धे करताना कुणाचा मास्टर बंद होत नाही ना, हे पाहा, नाहीतर नवाच क्रॅश हाती येईल. दोष दोन मॉडच्या जोडीत असेल आणि ते वेगवेगळ्या अर्ध्यांत पडले, तर तो दोन्ही अर्ध्यांतून गायब होतो. अशा वेळी एक अर्धा पूर्ण चालू ठेवून दुसऱ्यातले थोडे थोडे परत आणा. जोडी सापडली की त्या दोघांसाठी कुणी पॅच बनवला आहे का ते शोधा. नसेल तर एक्सएडिटमध्ये दोघांच्या हव्या त्या नोंदी स्वतःच्या छोट्या प्लगइनमध्ये घ्या आणि तो लोड ऑर्डरमध्ये दोघांच्याही खाली ठेवा.