कृष्णेवरचं धुकं तैलरंगात कसं रंगवावं

डिसेंबर-जानेवारीत सकाळी पावणेसातला सांगलवाडीच्या काठावर जाऊन उभे राहा. समोर पूर्वेला सांगली, बाजूला आयर्विन पुलाच्या दगडी कमानी, आणि सूर्य गावामागून वर येण्याच्या बेतात. रात्रभरात हवा गारठते, पाणी मात्र तितकं गार झालेलं नसतं. त्याची वाफ गार हवेत थिजते आणि पात्रावर धुकं पसरतं. ऊन चढलं की ते विरतं. एवढ्या वेळात तैलचित्र होत नाही, म्हणून पहिले दोन-तीन दिवस रंग नेऊच नका. वही आणि पेन्सिल पुरे.

डोळे किलकिले करून पाहा आणि सगळं दृश्य पाचच छटांत बसवा, १ सगळ्यात उजळ, ५ सगळ्यात गडद: आकाश १, दूरची झाडं २, लांबच्या कमानी ३, जवळची कमान ४, पायाजवळचा काठ ५. हा तक्ता चित्रापेक्षा महत्त्वाचा. धुक्यात उजळ भाग फारसे बदलत नाहीत, गडद भाग फिके होतात. मी सुरुवातीला पूल नेहमीसारखा गडद रंगवून त्यावर पांढरा फिरवला होता. चित्रावर चुना फासल्यासारखं दिसलं. धुकं वरून लावायचं नसतं, ते प्रत्येक रंगातच मिसळलेलं असावं लागतं.

रंग चारच घ्या: टायटॅनियम व्हाइट (पांढरा), अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). काळा नको. अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळून गडद राखाडी करा. मग पांढऱ्याच्या ढिगात तो मोहरीएवढा घाला, हलवा, पुन्हा मोहरीएवढा. एका झटक्यात घातला तर छटा हातची जाते. कॅनव्हासला हात लावण्याआधी पाचही छटांचे ढीग पॅलेटवर तयार हवेत. रंग मिसळायच्या पॅलेट नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन समोरच्या दृश्यापुढे धरा, चूक लगेच कळते.

कॅनव्हास १२ × १६ इंचांचा, जेसो (रंगाआधी द्यायचा पांढरा अस्तर-लेप) लावलेला घ्या. त्यावर सिएना आणि ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पुसट हात द्या नि फडक्यानं पुसून घ्या. पांढऱ्या पृष्ठभागावर फिकट छटा ओळखता येत नाहीत.

पहिला थर टर्पेंटाइनचा, पातळ. पुढच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. तेलाचा रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. खाली तेलकट आणि वर पातळ थर दिला, तर वरचा आधी वाळतो आणि पुढे तडकतो.

आता कडा. रंग ओला असतानाच कोरडा, मऊ ब्रश दूरचा काठ आणि पाणी जिथं मिळतात तिथून आडवा, अगदी हलका ओढा. दर दोन फटक्यांनी ब्रश पुसा. जवळच्या एक-दोन कडा तेवढ्या धारदार ठेवा.

प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली येतं. ते आधी उभ्या फटक्यांनी घाला, मग एक आडवा हात. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ, उजळ वस्तूचं थोडं गडद. कमानीचा आतला, खालचा भाग थेट बघताना दिसतो त्यापेक्षा पाण्यात जास्त दिसतो. पूल वरच्याचीच उलटी नक्कल करून काढला, तर पाणी खोटं वाटतं.

छापील चित्रावरून रंगाचा थर कळत नाही. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे, तिथं राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. एक दिवस काढून ती जवळून पाहा.

वापरलेलं टर्पेंटाइन नदीत ओतू नका. बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका. जवसाचं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ती मोकळी पसरून वाळवा.

व्हार्निश किमान सहा महिन्यांनी. तोवर चित्र उजेडात ठेवा, कडक उन्हात नको. कपाटात ठेवलं तर अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, आणि तो पिवळेपणा सगळ्यात आधी धुक्यावर दिसतो.