डोळे सॉफ्ट, कान मात्र लख्ख

दोन महिने मी स्वतःच्या हातांनाच दोष देत होतो. ५० मिमीची लेन्स, एफ १.८, आणि प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये डोळे सॉफ्ट, म्हणजे पुसट. शटर स्पीड १/५०० वर नेला, यूव्ही फिल्टर काढला, लेन्स पुसली. ढिम्म फरक नाही. मग एक फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला, तर कानामागचे केस एकेक मोजता येत होते! हात हलला असता तर सगळंच फरफटलं असतं. म्हणजे फोकस मागे पडत होता.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, समोर पट्टी तिरपी ठेवली आणि १५ सेंमीच्या रेघेवर फोकस केला. व्ह्यूफाइंडरमधून घेतलेल्या फोटोत १६ची रेघ ठसठशीत, १५ची पुसट. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून घेतलेल्या फोटोत, मात्र १५ अगदी बरोबर. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरसाठी फोकसचा सेन्सर वेगळा असतो, गोम तिथेच होती.

मेन्यूत एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकस किंचित पुढे-मागे सरकवायचं सेटिंग, सापडलं (मॅन्युअल आधीच वाचायला हवं होतं, असो). उणे ५ने थोडं सुधारलं, उणे ८वर रेघ लख्ख. दरवेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा घेतला, नाहीतर फसगत होते. झूम लेन्सला हा आकडा चालत नाही. तिची पट्टी अजून मांडायची आहे.