पंचायत समितीचं दप्तर क्लाउडवर नेताना

क्लाउड (म्हणजे इंटरनेटवरून वापरायची, कंपनीच्या सर्व्हरवरची साठवणीची जागा) घ्यायचा ठरला की पहिली बैठक ‘कोणत्या कंपनीचा’ यावरच होते. खरं तर ते शेवटी ठरवलं तरी चालतं. धारणी, एटापल्ली किंवा सिरोंचासारख्या दुर्गम तालुक्यात काम अडतं ते लाइन, वीज, जुने फॉन्ट आणि बदलून गेलेल्या साहेबांच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी यांपाशी.

सुरुवात लाइनपासून. आठवडाभर सकाळी ११, दुपारी ३ आणि सायंकाळी ५ वाजता अपलोडचा वेग मोजा आणि वहीत लिहून ठेवा. दप्तर वर चढवायचं आहे, त्यामुळे डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. १० एमबीपीएस अपलोडवर २०० जीबी चढायला, लाइन एकदाही न तुटता, साधारण ४४ तास लागतात. दिवसा सगळं कार्यालय त्याच लाइनवर असतं आणि रस्त्याच्या कामावरचा जेसीबी केबल कधी उचकटेल याचा नेम नसतो. म्हणून रात्री चालणारं, तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होणारं अपलोड लावा. भारतनेटची, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण इंटरनेट योजनेची, फायबर असली तरी दुसऱ्या कंपनीच्या सिमचा ४जी राउटर जवळ हवाच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा केबल जोडायला कोण येणार? चालू वर्षाच्या नस्त्यांची (फाइलींची) एक प्रत कार्यालयातही ठेवा.

स्कॅनिंगमध्येच निम्मा भार हलका होतो. साधं टंकलिखित पान काळं-पांढरं, २०० डीपीआयला (इंचाला २०० ठिपके) स्कॅन केलं तर ५० केबीच्या आसपास बसतं. तेच रंगीत ३०० डीपीआयला घेतलं की सहज १ एमबी. लाख पानांचा हिशेब केला तर कुठे ५ जीबी आणि कुठे १०० जीबी! रंगीत स्कॅन नकाशांपुरतं आणि शिक्क्यांचा रंग ओळखायला लागतो अशा कागदांपुरतं ठेवा.

विजेसाठी मोठा खर्च लागत नाही. राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०-२५ वॅट घेतात. त्यांना ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस दिला तर तासभर निघतो. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. तापताना तो एकदम करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं, त्यावर दर १० अंशांना ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यातल्या अकोला-चंद्रपूरच्या खोलीत काय होत असेल ते समजून घ्या. आणि यूपीएस कूलरच्या झोतात नको; ओली हवा आणि धूळ एकत्र बसली की आतला बोर्ड जातो.

फॉन्टचं दुखणं मात्र कोणी सांगत नाही. जुने ठराव, टिपण्या श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोड (कुठल्याही संगणकावर तेच अक्षर दाखवणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरंच, वरून फॉन्ट मराठी दाखवतो. क्लाउडवर तो फॉन्ट नसला की ‘ग्रामसभा ठराव’च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधून तर काहीच सापडत नाही. आधी मूळ फाइलची पीडीएफ काढा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदला. बदलल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. मधे खरा इंग्रजी मजकूर असेल तर कन्व्हर्टर त्याचंही मराठी करून ठेवतो. एक्सेलमधले रकमांचे रकाने त्यातून वगळा.

ओळखपत्रं, म्हणजे लॉगिन, माणसाच्या नावानं काढू नका, पदाच्या नावानं काढा: गटविकास अधिकारी, आस्थापना लिपिक, लेखा. ओटीपीसाठी कार्यालयाचं सिम घ्या आणि त्याचं रिचार्ज कोण करणार हे लेखी ठरवा, नाहीतर सिमच बंद पडतं. बदलीच्या चार्ज यादीत लॉगिन, डिजिटल सहीचं टोकन आणि ॲडमिन पासवर्ड ही तीन कलमं घाला. ॲडमिन हक्क एकट्या कंत्राटी ऑपरेटरकडे ठेवणं म्हणजे कपाटाची किल्ली बाहेर देणं. नोंदीही सांभाळा: सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेत कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते.

आता कंपनी. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीतली आणि एसटीक्यूसी (त्याच मंत्रालयाची तपासणी यंत्रणा) तपासणी झालेलीच घ्या. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून होते. करारात डेटा भारतातच राहील, सोडताना तो कोणत्या स्वरूपात परत मिळेल आणि बाहेर काढायला प्रति जीबी किती लागेल, हे लिहून घ्या. चढवणं स्वस्त असतं, उतरवताना बिल फुगतं. लेखापरीक्षक ‘वस्तू कुठे आहे’ विचारतील, कारण डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवायला इथे काहीच नसतं. म्हणून खर्च यंत्रखरेदीच्या शीर्षात न टाकता आवर्ती (दरवर्षी होणाऱ्या) खर्चात, लेखा विभागाची आधी संमती घेऊन टाका.

एक घोळ सर्रास होतो: सिंक होणाऱ्या, म्हणजे संगणकावर आणि क्लाउडवर आपोआप सारख्या राहणाऱ्या, फोल्डरलाच बॅकअप समजलं जातं. इथली फाइल पुसली की तिथलीही जाते. जुन्या आवृत्त्या किमान ३० दिवस राहतील अशी सेटिंग करा. दर तीन महिन्यांनी कोणतीही एक जुनी घरकुल नस्ती दुसऱ्या संगणकावरून, ४जी राउटरवर उतरवून उघडा आणि लागलेला वेळ वहीत लिहा. उघडली नाही तर मूळ कागद अभिलेख कक्षातून हलवू नका.