सर्व्हर बंद, तरी पान उघडतं: डेलच्या आयड्रॅकची मांडणी

डेलच्या पॉवरएज सर्व्हरमध्ये आयड्रॅक नावाचा एक छोटा, स्वतंत्र संगणक आतच बसवलेला असतो. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल जोडलेली आहे तोवर तो जागाच. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम कोलमडली तरी ब्राउझरमध्ये आयड्रॅकचं पान उघडून सर्व्हर चालू-बंद करता येतो आणि आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची फाइल) जोडून नवं इन्स्टॉलेशनही होतं. एचपीईच्या सर्व्हरमधलं आयएलओ याच तत्त्वावर चालतं.

पहिली मांडणी मात्र रॅकसमोर उभं राहूनच उरका. बूट होताना एफ२ दाबा, आयड्रॅक सेटिंग्ज, मग नेटवर्क. शक्यतो आयड्रॅकचं वेगळं पोर्टच वापरा. सर्व्हरशी सामायिक पोर्टवर ठेवलं की कुणी व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) बदलला, केबल उपटली, आणि नेमकं गरजेच्या वेळी पान गायब. फॅक्टरीतून आयपी पत्ता सहसा १९२.१६८.०.१२० असतो, तो बदलून स्थिर आयपी द्या. गेटवे (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता) भरायला विसरला तर त्याच नेटवर्कमधून पान उघडतं, घरून व्हीपीएनवर उघडत नाही; मग लोक उगाच फायरवॉल तपासत बसतात.

लॉगिनचा युझर रूट. जुन्या मशीनवर पासवर्ड कॅल्विन, नव्यांवर तो बहुधा ओढून काढायच्या चिठ्ठीवर छापलेला. पासवर्ड कुठलाही असो, लगेच बदला. इंटरनेटवर आयड्रॅक उघडा ठेवणं म्हणजे सर्व्हर रूमची किल्ली दाराला लटकवणं. ‘आयपीएमआय ओव्हर लॅन’ (नेटवर्कवरून सर्व्हर हाताळायचा एक प्रोटोकॉल) लागत नसेल तर बंदच ठेवा: आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड हुडकता येतो असा सांकेतिक ठसा) मागणाऱ्याच्या हाती पडतो, आणि तो दोष प्रोटोकॉलमधलाच असल्याने फर्मवेअर (आयड्रॅकचं आतलं सॉफ्टवेअर) बदलून जात नाही.

खरेदीआधी लायसन्स पाहा. रॅक सर्व्हरवर एक्स्प्रेस असेल तर तापमान, पंखे, लॉग दिसतील, पण व्हर्च्युअल कन्सोलला (सर्व्हरचा स्क्रीन नि कीबोर्ड ब्राउझरमध्ये) एंटरप्राइज लागतं.

आता अलर्ट, म्हणजे बिघाड झाला की येणारे मेल. इथेच बहुतेक जण अर्धवट सोडतात. एसएमटीपीचा (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता भरला, पण अलर्टचं मुख्य बटण चालूच केलं नाही, तर मेल कधीच येणार नाही. डीएनएसचं डोमेन नाव रिकामं असेल तर काही मेल सर्व्हर पाठवणाऱ्याचा पत्ता अमान्य ठरवून मेल परतवून लावतात. भरून झालं की चाचणी मेल पाठवा, आणि खरी परीक्षा म्हणून दोनपैकी एका पॉवर सप्लायची केबल काढा (दुसरा धड आहे याची खात्री करून). ‘रिडंडन्सी लॉस्ट’चा मेल आला नाही तर मांडणी अपुरी आहे.

वेळ एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) आणि टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवा. घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलं तर लॉगमधल्या नोंदी साडेपाच तास मागे दिसतात आणि रात्री दोनचा बिघाड आदल्या रात्री साडेआठचा वाटतो.

रोज पाहायचं थोडंच. इनलेट (आत येणाऱ्या हवेचं) तापमान १८ ते २७ अंशांत आहे ना? एखाद्या डिस्कवर ‘प्रेडिक्टिव्ह फेल्युअर’ (लवकरच बिघडण्याचा इशारा) आहे का? असेल तर आधी बॅकअप, मग डिस्क बदलायला जाणाऱ्यासाठी पानावरूनच तिचा दिवा लुकलुकता ठेवा. रेड ५ मध्ये (एकच डिस्क गेली तर डेटा टिकतो अशी मांडणी) शेजारची चांगली डिस्क खेचली गेली आणि ही आजारी डिस्कही मेली, तर खेळ खलास.

सर्व्हर अडकला तर आधी ‘ग्रेसफुल शटडाउन’ करून बघा. ‘पॉवर सायकल’ म्हणजे प्लग काढून लावल्यासारखंच, डेटाबेस चालू असताना ते शेवटीच.

आणि आयड्रॅकच गोठला तर? सर्व्हरवरचं ‘आय’ बटण १६ सेकंदांहून जास्त दाबून धरा. फक्त आयड्रॅक रीसेट होतो, सर्व्हरवरचं काम चालू राहतं. पान परत यायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात घाबरून पॉवर बटण दाबू नका.